पाकोळीसाठी सोडलेली वीट

एका राज्यात एक गड होता, आणि त्या गडावर वर्ष होत आलं तरी एकही चूल पेटली नव्हती.

धूर नाही, नगारा नाही, कुत्र्याचं भुंकणं नाही. पायथ्याच्या गावातले लोक मान वर करून बघत, तेव्हा तटावर पहारेकरी दिसत. भाले घेऊन उभे. सकाळी उभे, दुपारी उभे, दुसऱ्या दिवशीही तसेच, त्याच पायावर भार टाकून. एका पहारेकऱ्याच्या पागोट्यात होल्यानं घरटं केलं, अंडी घातली, पिल्लं उडून गेली, तरी त्या माणसानं मान हलवली नाही. मग गावानं वर बघणंच सोडलं. बायका पाणवठ्यावर गडाकडे पाठ करून बसू लागल्या. गडावर कामाला गेलेलं माणूस परत येत नव्हतं, आणि परत न येणाऱ्याचं नाव काढायचं नाही, असं गावात आपसूक ठरून गेलं.

एका मुलीला ते मान्य नव्हतं. तिचं नाव भिवरा, हैबती गवंड्याची लेक. बाईमाणूस असून ती बापाच्या बरोबरीनं भिंत चढवी, आणि बापापेक्षा लवकर चढवी. तिच्यात एकच खोट होती, तिला थांबणं ठाऊक नव्हतं. भट्टी निवायच्या आधी उघडणारी, उत्तर यायच्या आधी उठणारी. हैबतीला राजाचं बोलावणं आलं तेव्हा तो आठ दिवसांचं पीठ बांधून गेला होता. वर्षभर तिनं वाट पाहिली, तिच्या स्वभावाला ते एक युग झालं. शेजाऱ्यांनी परोपरीनं सांगितलं, जाऊ नकोस, गेलेल्यांत आणखी एकीची भर घालू नकोस. तिनं थापी कमरेला खोचली आणि ती गड चढू लागली.

दरवाज्यातल्या पहारेकऱ्याला तिनं वाट विचारली. तो बोलला नाही. तिनं जवळ जाऊन पाहिलं. त्याच्या पापण्यांवर धूळ साचली होती आणि त्या धुळीखाली डोळे ओले होते. ती पुढे झाली. बाजारपेठेत हलवाई कढईवर वाकला होता, आणि त्याच्या हातातल्या फडक्यातून जिलबीच्या पिठाची धार काठीसारखी हवेत उभी होती. एक बाई लेकराला मारायला हात उगारून उभी होती, आणि त्या लेकरानं मार चुकवायला मान खाली घातली होती. वर्षभर तो हात खाली आला नव्हता, वर्षभर ते लेकरू भीत होतं.

भिवरा पळत सुटली ती थेट राजवाड्याच्या मोठ्या दालनात येऊन थांबली.

दालनात किल्ला मांडला होता.

शंभर पावलं लांब आणि साठ पावलं रुंद. खेळण्यातल्या विटांचा किल्ला. वीट चिंचोक्याएवढी, डोक्यावर दोन टिकल्या, पोटात दोन खळगे. एकीच्या टिकल्या दुसरीच्या खळग्यांत दाबल्या की चुन्याशिवाय घट्ट बसत, जणू जन्मापासून जोडलेल्या. तांबड्या विटांचे बुरूज, काळ्या विटांचा तट, पांढऱ्या विटांचा राजवाडा. पेठ होती, पागा होती, देऊळ होतं, देवळापुढे दीपमाळ होती. गडाखाली डोंगर उतरत गेले होते, डोंगरांखाली गावं होती, गावांमधून नदीचं कोरडं पात्र खोदलेलं होतं. पेठेत अंगठ्याएवढा मातीचा हलवाई होता आणि त्याच्यापुढे अंगठ्याएवढी कढई होती.

किल्ल्याशेजारी एका बैठ्या चौरंगावर राजा सोमकेतू बसला होता आणि मोरपिसांनी बुरुजांवरची धूळ झाडत होता. त्याच्या मागे एक उंच, उघडा, राख फासलेला माणूस उभा होता. त्याचं नाव अचलसिद्ध. ज्या पेटाऱ्यातून विटा काढल्या होत्या तो पेटारा त्याच्या पायाशी होता. तो त्याला कुठल्याशा बुडालेल्या नगरीच्या गुप्तधनात सापडला होता, आणि त्यातल्या विटा कितीही काढल्या तरी संपत नव्हत्या.

आणि किल्ल्याच्या उत्तरेला, जिथे तटाचं काम अर्धवट राहिलं होतं तिथे, हैबती उभा होता. हात पुढे, चिमटीत एक वीट, तोंड उघडं, जणू बोलता बोलता कुणी त्याला पुसून टाकलं होतं. भिवरेनं त्याच्या गालाला हात लावला. गाल गार नव्हता आणि ऊनही नव्हता. तिनं खाली पाहिलं. खेळण्यातल्या तटावर अंगठ्याएवढा हैबती उभा होता, तसाच, तोंड उघडं ठेवून.

"आबा," ती म्हणाली.

"तो ऐकतो आहे की नाही ते मला ठाऊक नाही," राजा म्हणाला. "बस. तू त्याची लेक दिसतेस. हात तसेच आहेत."

मग राजानं तिला सारं सांगितलं. त्याला एकच मुलगी, कनकलेखा, सात वर्षांची. गेल्या साली तिला ताप चढला. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. चौथ्या दिवशी वैद्य म्हणाला, महाराज, आता वाट पाहायची. राजाला वाट पाहवेना. तेवढ्यात अचलसिद्ध दरवाज्यावर आला आणि म्हणाला, माझ्या विटांच्या किल्ल्यात जे ठेवाल ते मरणार नाही. राजानं गवंडी बोलावला, कारण त्या विटा गवंड्याच्या रक्ताखेरीज कुणाच्या हाताला बसत नाहीत. हैबतीनं आधी राजकन्येची खोली बांधली, अचलसिद्धानं मातीची राजकन्या करून आत निजवली, आणि त्या क्षणी ताप चढायचा थांबला.

"आणि उतरायचा?" भिवरेनं विचारलं.

राजा एका मनोऱ्यावरून पीस फिरवत राहिला.

पुढचं अचलसिद्धानं सांगितलं. एक खोली टिकत नाही, तिच्याभोवती वाडा लागतो. वाडा टिकत नाही, त्याला तट लागतो. तटाला गड, गडाला राज्य. हैबतीनं गड पुरा केला आणि उत्तरेच्या भिंतीपाशी तो थकला, म्हणून त्याला विसावा दिला. आता तीन कामं उरली. नदी, रान आणि उत्तरेची भिंत.

"तीन कामं कर," अचलसिद्ध म्हणाला, "आणि बापाला घेऊन घरी जा. मी दिलेला शब्द मोडत नाही."

त्यानं शब्द कधीच मोडला नव्हता, हे खरंच होतं. त्या शब्दाच्या मागे काय असतं, ते विचारायला हवं होतं. भिवरेनं विचारलं नाही. ती उठली.

पहिलं काम नदीचं. अचलसिद्धानं तिला तांब्याची झारी दिली. नदीच्या उगमावरचं पाणी आणायचं आणि वाटेत झारी जमिनीला टेकवायची नाही. भिवरा दोन दिवस चालली. उगमाच्या कुंडात एक म्हातारं कासव राहत असे. त्यानं मान बाहेर काढून विचारलं, "पाणी कशाला?"

"खेळण्यातल्या नदीला."

"या नदीवर पिणारे पुष्कळ आहेत. त्यांना विचारलंस?"

"विचारत बसले तर आणखी वर्ष जाईल," असं म्हणून भिवरेनं झारी बुडवली. कासव काही बोलणार होतं, पण ती उतरणीला लागली होती.

दालनात येऊन तिनं कोरड्या पात्रात झारी रिती केली. झारीभर पाणी, पण ते डोंगरातून वाहत सुटलं, वळणं घेत घेत गावांवरून गेलं, छोट्या पुलाखालून खळखळलं. राजानं टाळी वाजवली. तो हसला तेव्हा भिवरेला दिसलं की हा माणूस वर्षभर झोपलेला नाही.

दुसरं काम रानाचं. देवराईतल्या मुळांखालची मूठभर माती हवी होती. देवराईची वाट नदीवरून जात असे. भिवरा नदीपाशी आली आणि थबकली. नदी वाहत नव्हती. ती आटली नव्हती, गोठली नव्हती, फक्त थांबली होती. लाट अर्धी उठून तशीच राहिली होती, आणि लाटेच्या काचेत एक मासा पोहताना लटकला होता. धुणं धुणारी एक म्हातारी पाण्यावर ओणवी होती. तिनं पिळलेल्या लुगड्यातून थेंब सुटले होते, ते खाली पडत नव्हते.

भिवरा आल्या पावली गडावर गेली आणि तिनं अचलसिद्धाला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या भट्टीत अर्धी भाजलेली वीट कशी दिसते? ना माती, ना वीट. तसंच हे. काम पुरं कर, सगळं हलेल."

उत्तर पटण्यासारखं होतं, आणि पटवून घेण्याची भिवरेला घाई होती. ती थांबलेल्या नदीच्या पाण्यावरून, पाय न बुडता, चालत पलीकडे गेली. त्या चालण्याची भीती तिला जन्मभर पुरली. पायाखाली मासे होते आणि ते तिच्याकडे पाहत होते.

देवराईत एक पिकलं वानर झाडाखाली बसलं होतं. त्यानंही तेच विचारलं, "माती कशाला? या रानात राहणारे पुष्कळ आहेत. त्यांना विचारलंस?"

"माझा बाप उभा आहे तिथे," भिवरा म्हणाली. "तुला बाप असता तर तूही विचारलं नसतंस."

"मला बाप होता," वानर म्हणालं, "आणि तो या मातीत आहे. ने."

भिवरेनं मूठ भरली. आणि मूठ घेऊन परतताना तिनं एकदाही मागे पाहिलं नाही.

छोट्या डोंगरांवर तिनं ती माती लिंपली आणि मुलं पेरतात तसे अळीव पेरले. तिच्या डोळ्यांदेखत कोंब फुटले. कोंबांची झाडं झाली, बोटाएवढे साग, बोटाएवढे वड, त्यांच्या फांद्यांवर मुंगीएवढी वानरं. रान डोंगरभर पसरलं, त्याच्या मागोमाग शेतं हिरवी झाली, गावांत घराघरापुढे माणसं उगवली. भिवरेनं आपलं गाव शोधलं. ते होतं. पाणवठ्यावर गडाकडे पाठ केलेल्या बायका होत्या.

ती धावत तटावर गेली. बाहेर उन्हं कलली होती आणि कललेल्या जागीच थांबली होती. सूर्य मावळतीच्या हातभर वर अडकला होता. वारा नव्हता. शेतातला बैल पाय उचलून उभा होता. क्षितिजापर्यंत कुठेही काही हलत नव्हतं, आणि एवढ्या मोठ्या शांततेत भिवरेला स्वतःचं रक्त कानांत वाहताना ऐकू आलं. राज्यात तीनच माणसं हलती होती. एक राजा, एक जादूगार आणि एक ती.

तिसरं काम भिंतीचं.

भिवरा बापाच्या शेजारी बसली आणि विटा रचू लागली. मनात एकच, लवकर, लवकर. थर चढले. सांधा सांध्यावर येऊ न देता तिनं एकेक ओळ दाबली. अचलसिद्ध तिच्या डोक्यावर उभा होता आणि पहिल्यांदाच त्याचा श्वास जोरात चालला होता. शेवटचा थर बसला. भिवरेनं हात झटकले आणि ती म्हणाली, "झाली. माझा बाप द्या."

अचलसिद्ध वाकला. त्यानं भिंतीवरून बोट फिरवलं. बोट एका जागी आत गेलं.

"एक वीट राहिली," तो म्हणाला.

राहिलीच होती. वरून तिसऱ्या थरात एका विटेची जागा मोकळी होती. भिवरेला कळेना, आणि मग कळलं. त्या मुलखातले गवंडी कुठलीही भिंत गच्च बांधत नाहीत. वळचणीखाली एक वीट सोडतात, पाकोळी पाखराला घर करायला. घर राजाचं असो की गवळ्याचं, ती जागा सोडायची. गवंड्याची पोरं चालायच्या आधी हे शिकतात. तिनं ठरवून सोडली नव्हती. मनात घाई होती, बोटांनी आपली रीत पाळली होती.

"हाताची सवय," ती म्हणाली. "बुजवते."

तिनं पेटाऱ्यातून वीट घेतली. बाहेर, खऱ्या गडाच्या खऱ्या उत्तर तटात, वरून तिसऱ्या थरात, एक दगड आपोआप निखळून दरीत पडला होता. त्या भोकातून काहीतरी काळं, कोयत्यासारखं वाकडं, सणकन आत आलं, खिडकीतून शिरून दालनाच्या छताखाली एक गिरकी मारून खेळण्यातल्या भिंतीच्या भोकाशी पंजे रोवून लटकलं. ती पाकोळी होती.

"गवंडीणबाई," पाकोळी म्हणाली, "वीट लावायच्या आधी कान लावा."

"तू हलतेस कशी?"

"मला कुणी मातीत घडवलं नाही. मी जमिनीवर उतरत नाही, जमिनीवरचे लोक मला विसरतात. कान लावा, वेळ थोडा आहे."

भिवरेनं गुडघे टेकून त्या चिंचोक्याएवढ्या भोकाला कान लावला. आत आवाज होते. हजारो आवाज, मुंगीच्या आवाजाएवढे. कुणी पाणी मागत होतं. कुणी म्हणत होतं, हात दुखतोय, खाली घेऊ द्या. एक लेकरू रडत होतं, मारू नको गं, मारू नको गं. वर्षभर ती माणसं जागी होती. त्यांना सगळं दिसत होतं, सगळं समजत होतं, पापणी मिटता येत नव्हती. आणि किल्ल्याच्या भिंतींना फट नव्हती, म्हणून कुणालाही काही ऐकू गेलं नव्हतं.

मग अगदी जवळून एक आवाज आला, जो तिला लाखात ओळखू आला असता.

"भिवरे. बुजवू नकोस."

"आबा, बुजवली की तुम्ही सुटाल. त्यानं शब्द दिलाय."

"मी सुटेन. बाकीचे?" हैबती म्हणाला. "मी दमलो नव्हतो, पोरी. मी नाही म्हणालो होतो."

पाकोळीनं उरलेलं भराभर सांगितलं. शेवटची वीट बसली की हे राज्य पुरं होतं, आणि पुरं झालेलं राज्य अचलसिद्धाला उचलता येतं. त्याच्या फडताळात अशी एकोणीस राज्यं आहेत. किल्ला मोडायला ज्यानं तो मागितला त्याचाच हात हवा. दुसऱ्या कुणी मोडला, तर आतली माणसं विटांसकट फुटतील.

भिवरेनं हातातली वीट पाहिली. एका बाजूला तिचा बाप होता, फक्त एक वीट दाबण्याच्या अंतरावर. ती इतक्या लांब आली ती यासाठीच. दुसऱ्या बाजूला ते हजारो आवाज होते. आयुष्यात पहिल्यांदा भिवरा थांबली. आणि मग तिनं ती वीट खाली ठेवली.

"बुजव," अचलसिद्ध म्हणाला.

"नाही."

तो रागावला नाही. त्यानं पेटाऱ्याच्या तळातून मातीचा गोळा काढला आणि बोटांनी मळायला सुरुवात केली. पायाचे तळवे केले. भिवरेचे तळवे जमिनीला चिकटले. त्यानं पोटऱ्या केल्या. तिच्या पोटऱ्या तिच्या राहिल्या नाहीत. वेदना नव्हती, त्यानंच भीती वाढत होती, जणू खालून वर कुणी तिला विसरत चाललं होतं.

"महाराज," भिवरा म्हणाली, "इकडे या. या भोकाला कान लावा."

"माझी मुलगी सुरक्षित आहे," राजा म्हणाला. त्यानं पीस छातीशी धरलं होतं.

"ती बोलते आहे."

"महाराज, ही गवंडीण आहे," अचलसिद्ध म्हणाला. त्याची बोटं तिची कंबर वळत होती. "हिला फट दिसली की वारा ऐकू येतो."

"मग वाराच ऐका," भिवरा म्हणाली. "वर्षभर तुमच्या गडावर तोसुद्धा नाही."

राजा उठला. त्याचे गुडघे वाजले. तो किल्ल्याच्या उत्तरेला आला, मुकुट काढून बाजूला ठेवला, आणि गाल जमिनीला टेकवून त्यानं भोकाला कान लावला. अचलसिद्धाला त्याला ओढता आलं नाही. मागणाऱ्याच्या अंगाला हात लावायची त्याला बंदी होती. तो फक्त भराभर माती मळत राहिला. भिवरेचे हात गेले. छाती गेली.

राजा ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"काय म्हणते?" भिवरेनं विचारलं. मान तेवढी उरली होती.

"म्हणते," राजा कुजबुजला, "बाबा, खोकला आलाय. कधीचा आलाय. मला खोकू द्या."

"महाराज, बाहेर तिचा चौथा दिवस उभा आहे," अचलसिद्ध म्हणाला. "मोडाल तर तो सुरू होईल."

राजानं भिवरेकडे पाहिलं. त्या वेळी तो राजा नव्हता, भ्यालेला बाप होता. "मोडला तर ती जगेल?"

खोटं बोलणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर त्यानं तत्क्षणी हात घातला असता. भिवरेच्या हनुवटीपर्यंत माती आली होती.

"मला ठाऊक नाही, महाराज," ती म्हणाली. "पण ती खोकेल."

आणि तिचं तोंड थांबलं.

आता ती खेळण्यातल्या तटावर उभी होती. शेजारी आबा होते, पण तिला मान वळवता येत नव्हती. समोर आभाळ नव्हतं, दालनाचं छत होतं, कोसभर उंच. त्या छताखाली चंद्राएवढा एक चेहरा होता. तिला पापण्या मिटायच्या होत्या, मिटेनात. तिला ओरडायचं होतं, ओरड घशाच्या तळाशी बसली होती. भोवती सगळं राज्य कुजबुजत होतं, आणि ती सगळी कुजबुज एकच गोष्ट विचारत होती, तो काय करणार?

चेहरा हलला नाही. फार वेळ हलला नाही. डोंगराएवढ्या डोळ्यात एक तळं साचलं आणि गालावरून ओघळलं.

मग आभाळातून दोन बोटं आली. खांबाएवढी बोटं. पांढऱ्या राजवाड्यावर ती क्षणभर थांबली आणि त्यांनी राजकन्येच्या खोलीचं छप्पर उचललं. त्यांनी ते हळूच बाजूला ठेवलं, झोपलेल्या लेकरावरचं पांघरूण काढावं तसं. मग एक भिंत. मग दुसरी. मग दोन्ही हात आले आणि बुरूज कोसळू लागले, तट फुटला, दीपमाळ आडवी झाली, डोंगर सरकले, आणि त्या गडगडाटात भिवरेला एवढंच कळलं की आपण पडतो आहोत.

ती दालनाच्या फरशीवर पडली, पुऱ्या अंगाची, पुऱ्या उंचीची. घशाच्या तळाशी बसलेली ओरड तेव्हा कुठे बाहेर आली.

आणि तिच्या ओरडण्यापाठोपाठ आतल्या महालातून एक खोकल्याची उबळ ऐकू आली. लहान, कोरडी, लांबलेली. राजा त्या आवाजाकडे अनवाणी धावला.

मग सगळे आवाज एकदम आले. पेठेत जिलबीची धार कढईत पडून चरचरली. उगारलेला हात खाली आला, पण त्या बाईनं लेकराला मारलं नाही, ती त्याला उचलून ऊर फुटेस्तोवर रडली. नदीनं अर्धी राहिलेली लाट पुरी केली. तटावरच्या पहारेकऱ्यानं डोळे चोळले आणि तो पागोट्यातलं रिकामं घरटं हातात घेऊन बघत बसला. अडकलेला सूर्य सुटला आणि मावळला.

हैबतीनं उघडं राहिलेलं तोंड मिटलं. त्यानं लेकीला पायापासून डोक्यापर्यंत हात लावून पाहिलं, सगळी आहे ना म्हणून.

"भाकरी आणलीस का?" त्यानं विचारलं.

"तुम्ही आठ दिवसांचं पीठ नेलं होतं," ती म्हणाली, आणि दोघं गवंडी त्या पसाऱ्यात बसून हसत-रडत राहिली.

चिंचोक्याएवढ्या विटांचा आता नुसता चिखल झाला होता, आणि पेटाऱ्यातही चिखलच होता. विटा गेल्या तशी अचलसिद्धाची उंची गेली. राखेखाली एक म्हातारा होता, नऊशे वर्षांचा, त्याचे गुडघे दुखत होते आणि त्याला बसायला जागा हवी होती. दरबारातल्या कुणी त्याचं डोकं मागितलं, कुणी त्याला बुरुजावरून लोटा म्हणालं. हैबतीनं त्याला भट्टीवर माती तुडवायला मागून घेतलं. पुढच्या महिन्यात अनोळखी पेहरावाची माणसं रस्त्यांवरून जाताना दिसू लागली. ती कुणाला आठवत नसलेल्या राज्यांच्या वाटा विचारत होती. अचलसिद्धाच्या फडताळातल्या विटांचाही चिखल झाला होता, तिथून सुटलेली एकोणीस राज्यांची माणसं होती ती. लोकांनी त्यांना पाणी दिलं आणि सुचेल ती दिशा दाखवली.

राजा सोमकेतू मात्र दरबारात आला नाही. तो मुलीच्या उशाशी बसून होता. कपाळावरची घडी स्वतः बदलत होता, खोकल्याची उबळ आली की पाठीवरून हात फिरवत होता. पाचवा दिवस वाईट गेला. सहावा त्याहून वाईट गेला. सातव्या दिवशी वैद्य पुन्हा तेच म्हणाला, वाट पाहायची, आणि राजानं मान डोलावली. आठव्या रात्री कुणी झोपलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी कनकलेखेला घाम फुटला. तिनं डोळे उघडले आणि मऊ भात मागितला.

नऊ दिवसांचा ताप होता तो, वैद्य म्हणाला. त्या मुलखातल्या निम्म्या लेकरांना येऊन जातो.

राजानं ते ऐकलं. मग तो पेठेत उतरला, एकेका दारापुढे उभा राहिला आणि ज्यांचं वर्ष त्यानं थांबवून ठेवलं होतं त्या प्रत्येकाची हात जोडून क्षमा मागत गेला. काहींनी ती दिली. काहींनी दार लावून घेतलं. राजा त्या लावलेल्या दारांपुढेही थांबला, आणि उघडायची वाट पाहत राहिला.

गोष्ट इथे थांबली. सांगणारे, ऐकणारे हलते-बोलते राहोत.